भौतिकोपचार शिकणाऱ्या मुली आणि रुग्णांचे वागणे

आमच्या धंद्यात औषधाच्या बाटलीचे काम फारसे नाही. जे काय करावयाचे ते दोन हातांनी. आखडलेला खांदा हलवायचा तो हातांनी, लकवा झालेला पाय उचलायचा तो हातांनी, आणि तीन महिने खाटेवर पडून राहिलेल्या माणसाला पहिल्यांदा उभे करावयाचे ते कमरेला हातांचा वेढा घालूनच. खेड्यापाड्यांत आम्हांला कोणी ‘शेकवाल्या बाई’ म्हणतात, कोणी ‘व्यायामवाल्या बाई’. पुस्तकी नाव भौतिकोपचार. आणि आता फिजिओथेरपी हा इंग्रजी शब्दच लोकांच्या तोंडी बसला आहे.

हे शिक्षण घ्यायला आज मुली फार मोठ्या संख्येने येतात. त्यांतल्या बऱ्याचजणी खेड्यांतून, तालुक्याच्या गावांतून आलेल्या असतात. बारावीला चांगले गुण मिळालेले असतात, आईबापांनी जमीन गहाण टाकून नाहीतर सोसायटीचे कर्ज काढून फी भरलेली असते. अशी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी एक दिवस पांढरा कोट घालून वॉर्डात जाते आणि एका परक्या पुरुषाच्या मांडीवर हात ठेवून त्याला म्हणते, “काका, इथे जोर लावा.” तिच्या घरात आजवर कोणत्या बाईने परक्या पुरुषाला असा हात लावला असेल? आणि त्या काकांच्या आयुष्यात तरी असे पूर्वी कधी घडले असेल काय? दोघांनाही हे नवीन असते. बहुतेक वेळा दोघेही ते सभ्यपणाने निभावून नेतात. जेव्हा नेत नाहीत, तेव्हाची गोष्ट आज सांगावयाची आहे.

आपल्याकडे ही विद्या आली तीच मुळी लहान मुलांच्या दुखण्यातून. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराची शाळा निघाली. त्या वेळी पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांचा प्रश्न मोठा होता. पुढे पोलिओ हटला. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. आता आमच्याकडे येतात ते मोठे लोक. लकव्याचे, गुडघे बदललेले, आणि मोटारसायकलवरून पडून डोक्याला किंवा मणक्याला मार बसलेले. शेवटच्या प्रकारात तरुण पुरुषांचा भरणा अधिक. काम बदलले तसे कामातले प्रश्नही बदलले.

गैरवागणूक म्हणजे काय, हे आधी नीट ठरवले पाहिजे. कारण शहरातले शिक्षक इथे हमखास चुकतात. खेड्यातला म्हातारा विचारतो, “पोरी, गाव कुठलं तुझं? लग्न झालं का? बाप काय करतो?” ही आपल्याकडची बोलण्याची सुरुवात आहे. तो पाहुण्यालाही हेच विचारतो. त्यात वावगे काही नाही. “आधी व्यायाम करू काका, मग सांगते” एवढे उत्तर पुरते. पडण्याच्या भीतीने कोणी मनगट गच्च धरतो, तेही तसेच. पण तोच प्रश्न रोज, आवाज खाली करून, पडद्याआड विचारला जातो. किंवा धरलेले मनगट बसल्यावरही सुटत नाही. किंवा मोबाईलचा नंबर मागितला जातो, अंगावरच्या कपड्यांविषयी बोलले जाते, नको तिथे हात लागतो, नको ते मुद्दाम दाखवले जाते. हे वावगे आहे. मुलीला ते कळते. कळत नाही असे आपण म्हणतो ते आपली सोय म्हणून.

असे प्रसंग विरळा असतात अशीही एक समजूत आहे. अमेरिकेत भौतिकोपचार करणारे आणि शिकणारे यांची एक पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत शेकडा ८४ जणांनी सांगितले की रुग्णांच्या लैंगिक स्वरूपाच्या गैरवर्तनाचा, मग ते टोमण्यासारखे साधे असो की अंगाला हात लावण्याइतके गंभीर असो, आपणांस कधी ना कधी अनुभव आला आहे. शेकडा ४७ जणांना तर तो मागच्या बारा महिन्यांतच आला होता. तो देश निराळा, तिथली माणसे निराळी. पण हात लावण्याचा धंदा तिथेही हाच.

आता दुखण्याचा भाग. तो समजून घेतल्याशिवाय या विषयावर बोलूच नये.

मणक्याला मार लागून ज्याचे कमरेखालचे अंग लुळे पडले आहे, अशा रुग्णाच्या मांडीला हात लावला, अंग पुसले किंवा लघवीची नळी हलली, तरी कधीकधी त्याच्या इंद्रियाला ताठरपणा येतो. गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारली की पाय उडतो, त्यातलाच हा प्रकार. मेंदूकडे खबर गेलेलीच नसते, मनात काही नसते. कित्येकदा त्या माणसाला पत्ताही नसतो, आणि कळले तर तो मेल्याहून मेल्यासारखा होतो. इथे मुलीने चादर सारखी करावी, थोडे थांबावे, आणि काही घडलेच नाही अशा रीतीने पुढचे काम करावे. हे वर्गातच आधी सांगितलेले असेल तर ती दचकत नाही. न सांगता वॉर्डात पाठवणे हा शिकवणाऱ्याचा दोष.

दुसरे दुखणे डोक्याच्या माराचे. कपाळामागे मेंदूचा जो भाग आहे तो आपल्याला लगाम घालतो. मनात येते ते सगळे माणूस बोलत नाही, करीत नाही, याला कारण बव्हंशी तो लगाम. १८४८ साली अमेरिकेत व्हरमाँट प्रांतात रेल्वेच्या कामावर फिनिअस गेज नावाचा मुकादम सुरुंग ठासत होता. बार उडाला आणि हातातली लोखंडी पहार गालातून शिरून टाळूतून बाहेर पडली. माणूस जगला, चालूबोलू लागला. पण पूर्वीचा शांत, जबाबदार मुकादम आता शिवराळ आणि लहरी झाला, असे त्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे. ही गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांत सगळीकडे सापडते. तिचा पुढचा भाग मात्र थोडेच सांगतात. हाच गेज नंतर काही वर्षे चिली देशात घोड्यांची टपालगाडी हाकत होता. रोज तीच वाट, तीच वेळ, तेच काम. अशा बांधून दिलेल्या दिनक्रमाने त्याला पुष्कळसे ताळ्यावर आणले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. आमच्या कामात हा दुसरा भागच अधिक उपयोगी पडतो.

याशिवाय म्हाताऱ्या माणसांना शस्त्रक्रियेनंतर, तापात, लघवीच्या रोगजंतूंनी किंवा रक्तातले मीठ कमी झाल्याने भ्रम होतो. काल ‘बाळ, बाळ’ म्हणणारे आजोबा आज भलतेच बोलू लागतात. असा एकाएकी पालट दिसला तर तो आधी डॉक्टरांना सांगावयाचा. ती तक्रार नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे.

एवढे सांगितले की पुष्कळ शिक्षक पुढचे वाक्य बोलतात: “आजारी माणूस आहे, मनावर घेऊ नकोस.” माझे भांडण आहे ते या वाक्याशी. रुग्णाला दोष द्यावयाचा की नाही हा एक प्रश्न. मुलीने ते सोसावयाचे की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुखण्यावर अवलंबून आहे. दुसऱ्याचे नाही. बैल मारका आहे तो मुळात वाईट म्हणून की त्याला गोचीड चावतात म्हणून, याचा विचार मालकाने सवडीने करावा. धार काढणारीला मात्र त्याच्या शिंगांपुढून आधी बाजूला घ्यावे लागते.

मग मुलीने करावे काय? पहिली गोष्ट, हात काढून घ्यावा; पण रुग्णाला पडू द्यायचे नाही. तो उभा असेल तर आधी बसवावा, चाकाच्या खुर्चीत असेल तर ब्रेक लावावा, खाटेवर असेल तर कठडा वर करावा. मग एक पाऊल मागे व्हावे आणि साध्या, ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे. काय सांगावे याची तालीम आम्ही वर्गात करून घेतो, अगदी पाढ्यासारखी: “काका, हात बाजूला घ्या. असं केलंत तर मला व्यायाम थांबवावा लागेल.”

श्रोतेहो, या वाक्यातला ‘काका’ हा शब्द सोपा नाही. आम्हीच मुलींना शिकवतो की रुग्णाला नात्याने हाक मारा. काका म्हणा, दादा म्हणा, आजोबा म्हणा. परक्या माणसाला हात लावताना हे नाते मध्ये असले की स्पर्शातले अवघडलेपण जाते. शंभरातल्या नव्वदांना तो शब्द आवरतोही. पण उरलेल्यांपुढे त्याच नात्याने मुलीची जीभ बांधली जाते. काकांना उलट कसे बोलायचे? लहानपणापासून तिने वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घातलेली असते. म्हणून आम्ही सांगतो की काका म्हण, ‘घ्या’ म्हण, ‘अहो’ म्हण, पण वाक्य पुरे कर. आदरार्थी बोलूनही नाही म्हणता येते, ही गोष्ट पुष्कळ मुलींना वयाच्या विसाव्या वर्षी पहिल्यांदा समजते. ‘सॉरी’ मात्र म्हणू नये, आणि हसू नये. मुली घाबरल्या की हसतात. समोरचा ते हसणे आपल्याला हवे तसे वाचतो; आणि डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला तर त्या हसण्यातून आपण छान विनोद केला असेच शिक्षण मिळते.

अशा रुग्णाच्या बाबतीत सगळ्यांनी एकच वाक्य, त्याच शब्दांत, दर वेळी बोलावयाचे. सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय, विद्यार्थी, घरचे लोक, सगळ्यांनी. एकजण रागावतो, दुसरा हसतो, तिसरा मोबाईलवर चित्रण करतो, असे झाले की तो कधीच सुधारत नाही. त्याला पडद्याआड न घेता मोठ्या व्यायामशाळेत, चार माणसांत घ्यावे. वेळ ठरलेली असावी. ज्या बाजूला लकवा आहे त्या बाजूला उभे राहून काम करावे आणि धडधाकट हाताला काही तरी काम द्यावे. टॉवेलाचे टोक धरायला द्यावे, कठडा धरायला सांगावा. मोकळा हातच उद्योग शोधतो. माझा अनुभव असा की निम्मे प्रसंग या टॉवेलानेच टळतात.

दुखणाईत नसलेल्या मनाच्या माणसाला, म्हणजे ज्याचे डोके शाबूत आहे आणि गुडघा तेवढा दुखतो आहे त्याला, एकदा सांगून पुरत नसेल तर त्या दिवसाचा उपचार तिथेच थांबवावा आणि वरच्या शिक्षकाला बोलवावे. पुढचा उपचार दुसऱ्याने करावा, किंवा दोघांनी मिळून करावा. उपचार तोडायचा नसतो, पण तो कोणी आणि कसा द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार रुग्णाचा नाही. आपल्या बाजूनेही एक काळजी घ्यावी. हात लावण्याआधी कुठे लावणार, कशासाठी, हे बोलून दाखवावे, आणि जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा ठेवावा. जांघेतला सांधा तपासताना न बोलता हात घातला तर अडाणी माणसाचा गैरसमज होऊ शकतो.

मग लिहून ठेवणे. ‘रुग्णाने गैरवर्तन केले’ हे लिहिणे न लिहिल्यासारखेच. किती वाजता, कोणता व्यायाम चालू असता, तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, हात कुठे लागला, आपण काय म्हणालो, तिथे आणखी कोण होते, शिक्षकाला केव्हा सांगितले. एवढे त्याच दिवशी कागदावर यावे. शब्द लिहायला लाज वाटते. पण तो शब्द तिचा नाही, त्याचा आहे.

आता माझी स्वतःची एक चूक सांगते. पुष्कळ वर्षे झाली. मी तेव्हा एका रुग्णालयात विद्यार्थ्यांना खाटा वाटून देण्याचे काम करीत असे. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी, खेड्यातली, कामाला चोख, दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, “मॅडम, मला दुसरी खाट द्याल का?” मी विचारले, “का गं?” ती म्हणाली, “काही नाही.” माझ्यापुढे हजेरीचे तक्ते पडले होते. मी म्हटले, “खाटा वाटून झाल्या. पेशंट निवडायचा नसतो.” ती “बरं” म्हणून गेली. तिच्या वाट्याला आलेले गृहस्थ गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे होते, बोलायला गोड, आम्हा सगळ्यांना उठून नमस्कार करणारे. आठवड्याभराने ती मुलगी वॉर्डात यायची बंद झाली. हजेरी कमी भरली, परीक्षेला बसता आले नाही, सहा महिने गेले. खरे कारण मला तिच्या मैत्रिणीकडून कळले, तेही ते गृहस्थ बरे होऊन पेढे देऊन गेल्यावर.

मी तिला बोलावून विचारले, “मला सांगितलं का नाहीस?” ती म्हणाली, “सांगितलं होतं की मॅडम.” आणि खरेच, तिने सांगितले होते. दुसरी खाट मागणे हीच तिची तक्रार होती; त्याहून अधिक शब्द तिच्याजवळ नव्हते. पुढे ती म्हणाली, “घरी कळलं असतं तर बाबांनी कॉलेज सोडवलं असतं. धाकटीलाही मग पाठवलं नसतं.” एका मुलीच्या गप्प बसण्यावर दोघींचे शिक्षण उभे होते, आणि मी हजेरी मोजत होते.

त्या दिवसापासून खाट बदलून मागणाऱ्या विद्यार्थ्याला मी ‘का’ विचारीत नाही. आधी बदलून देते. मग संध्याकाळी, एकटीला, विचारते. कधी कारण निघते, कधी निघत नाही. एखादी आळसानेही मागत असेल. मागो बापडी.

कायद्याविषयी थोडे सांगते, कारण ते फार थोड्यांना ठाऊक असते. राजस्थानात खेड्यात सरकारी कामासाठी बालविवाहाविरुद्ध काम करणाऱ्या भंवरीदेवी या बाईंवर १९९२ साली अत्याचार झाला. त्यातून पुढे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘विशाखा’ खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि २०१३ साली कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. रुग्णालये या कायद्यात येतात. कामासाठी ज्या घरी जावे लागते ते घरही येते. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी आणि निम्म्याहून कमी स्त्रिया असता कामा नयेत. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या लहान दवाखान्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावयाची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. नाव फोडावयाचे नाही असे बंधन आहे. आणि छळणारा माणूस नोकर नसून बाहेरचा, म्हणजे रुग्ण किंवा त्याचा नातेवाईक असला, तरी त्याच्यापासून संरक्षण देणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, आणि बाईची इच्छा असेल तर पोलिसांत तक्रार करण्याची व्यवस्था करणे हेही. विद्यार्थिनींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात लैंगिक छळाचा गुन्हा ७५ व्या कलमात आहे.

मुलग्यांनाही हे चुकत नाही. एखादी रुग्ण बाई, एखादा पुरुषही, मुलग्याशी नको तसे वागतो, आणि तो कोणाला सांगायला गेला तर मित्र हसतात. अनुदान आयोगाच्या नियमांत मुलग्यांचाही उल्लेख आहे. शिवाय बाईला तपासताना त्याने सिस्टरला किंवा तिच्या घरच्या बाईला जवळ उभे करावे. त्यात दोघांचेही रक्षण आहे.

शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्या शाळेतून या मुली येतात आणि त्यांच्या आईबापांशी तुमची ओळख असते, म्हणून शेवटी घरच्या गोष्टीकडे वळते. मुलगी सांगत नाही ती रुग्णाच्या भीतीने नव्हे, घरच्या निकालाच्या भीतीने. “आधीच सांगितलं होतं, परक्या पुरुषांना हात लावायचं शिक्षण नको” हे वाक्य तिच्या कानात आधीच वाजत असते.

तीनचार वर्षांमागे आमच्याकडे एका मुलीने घरी फोन करून सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तिचे वडील हजर. शेतकरी माणूस, धोतर-टोपी, हातात पिशवी. आम्हांला वाटले, आता हे दाखला मागणार. मी खुर्ची दिली, चहा मागवला. चहाला त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, “बाई, ती काम करते ती जागा मला दाखवा.” मी त्यांना व्यायामशाळेत नेले. ते दारातच उभे राहिले आणि बराच वेळ पाहत राहिले. मुलगी एका लकवा झालेल्या म्हाताऱ्याला दोन बारांच्या मधून चालवीत होती. त्यांनी विचारले, “ही इथं असते तेव्हा मोठं माणूस कोण असतं?” मी नावे सांगितली. “आणि त्या माणसाकडं आता कोण जातं?” मी म्हटले, “आमचे दोन मुलगे जातात, आणि मी असते.” त्यांनी मान हलवली. मग पिशवीतून भाजक्या शेंगांचे पुडके काढून माझ्या टेबलावर ठेवले, गार झालेला चहा उभ्या उभ्या प्याले, आणि चारची एसटी गाठायची म्हणून निघाले.